नाक, पिशवी आणि पुरावा

(केज इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय दिलाय 'विज्ञानाचं तत्त्वज्ञान'. सकाळी स्टँडवर चहा पिताना एक पोरगं म्हणालं, "सर, हे केजात कशाला? हे मुंबई-पुण्याच्या लोकांचं काम." मुंबई-पुण्याची पोरंही इथं बसलीत, त्यांच्या मनातही तेच असणार. पक्ष्यांना पक्षिशास्त्राचा जेवढा उपयोग तेवढाच शास्त्रज्ञांना या तत्त्वज्ञानाचा, असा एक टोमणा शास्त्रज्ञांतच फिरतो. ठीक आहे. पण आपण कुठं पक्षी आहोत? आपण त्यांच्या टेबलावर मांडलेले नमुने आहोत. नमुन्यानं तरी विचारायला पाहिजे की बाबा, तू मोजतोयस काय आणि त्यातून ठरवतोयस काय?

मोजलं होतं. आपलं नाक मोजलं होतं. हर्बर्ट रिस्ले नावाचा गोरा अधिकारी, पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्यानं बंगालमधल्या जातीजमातींची नाकं मोजून घेतली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १००. आकडा ७० च्या आत आला तर नाक सरळ, ८५ च्या वर गेला तर बसकं. १८९१ साली त्यानं हे छापलं आणि जणू नियमच सांगितला : नाक जितकं रुंद तितकी जात खालची. वरचे आर्य, खालचे दुसऱ्या वंशाचे. मनूला जे श्लोकात सांगावं लागलं ते यानं दशांश चिन्हात सांगितलं. आकडा दिसला की शिकलेला माणूस गप्प बसतो. आपणही बसतो.

बाबासाहेब गप्प बसले नाहीत. १९१३ ते १६ ते कोलंबियात होते, जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक. विचार म्हणजे पाठांतर नव्हे, अडचण आली की अंदाज बांधायचा आणि तो परिणामांवर घासून बघायचा, ही ड्यूईंची शिकवण. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी काय केलं बघा. मोजमाप खोटं आहे असा आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, घटकाभर धरून चालू की नाकावरून वंश कळतो. मग वंशभेदातून अस्पृश्यता आली असेल तर काय दिसायला पाहिजे? ब्राह्मणाचं आणि अस्पृश्याचं नाक प्रत्येक प्रांतात वेगळं दिसायला पाहिजे. मग घुर्ये यांनी १९३२ साली वापरलेले आकडेच पुढे मांडले. तर संयुक्त प्रांतातला ब्राह्मण पंजाबातल्या चुहड्याच्या जवळचा निघाला, स्वतःच्या प्रांतातल्या बहुतेक जातींपासून मात्र लांब! म्हणजे त्यांचंच शास्त्र खरं मानलं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. ब्राह्मण आर्य, तर आपणही आर्य. ब्राह्मण द्रविड, तर आपणही द्रविड. शत्रूच्या फूटपट्टीनं शत्रूचा सिद्धांत मोजला आणि मोडला.

कार्ल पॉपर नावाच्या माणसानं १९३४ साली व्हिएन्नात एक पुस्तक छापलं, त्यात हीच गोष्ट आहे. जो सिद्धांत 'अमुक दिसलं तर मी खोटा' असं आधी सांगतो, तो विज्ञानाचा. काहीही घडलं तरी जो खराच ठरतो तो विज्ञानाचा नाही. पाऊस पडला तर देवाची कृपा, नाही पडला तर देवाचा कोप, हा सिद्धांत कधी नापास होत नाही. परीक्षेलाच बसत नाही तर नापास कसा होणार?

आता जरा आपल्या घरात बघू. राग येईल, येऊ द्या. आपल्यातही वाद रंगला की कुणीतरी उठतो, "बाबासाहेबांनी सांगितलंय, संपलं!" अरे, त्याच १९४८ च्या पुस्तकात अस्पृश्यतेच्या उगमाचा स्वतःचा सिद्धांत मांडताना, मोडलेल्या माणसांचा तो सिद्धांत, त्यांनीच लिहून ठेवलंय की हा अखेरचा शब्द समजू नका. दुवे तुटलेत तिथं अंदाज बांधलाय, आणि त्याला अंदाजच म्हटलंय. आपण त्याची पोथी केली. पोथी करणारे आपण आणि नाक मोजणारा रिस्ले यांच्यात मग फरक काय राहिला? आपण उपाशी आहोत, एवढाच.

आता केजात कशाला, ते सांगतो. दिवाळी झाली की इथनं कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवराबायको. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा पडला की दंड. पाळीत पोट धरून बसलेल्या बाईचाही खाडा. २०१९ साली सरकारी समितीपुढे आकडा आला : बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ बायांची पिशवी काढलेली. सहातली एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास.

हा आकडा ऐकून रक्त तापलं पाहिजे. पण मग डोकं चालवा. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवता येतात का? बायांचं वय सारखं होतं का? कुणी म्हणतं मुकादमानं काढायला लावली, कुणी म्हणतं डॉक्टरचा धंदा, कुणी म्हणतं बायाच मागतात. तिन्ही खरं असेल. पण मुकादमाचा दाब असेल तर त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, उसाला न जाणाऱ्या बाईची पिशवी जागेवर दिसायला पाहिजे. डॉक्टरचा धंदा असेल तर तिचीही गेलेली दिसेल, आणि खाजगीत जास्त, सरकारीत कमी. हे गल्लीगल्लीत फिरून वहीत लिहिता येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मोर्च्यात घोषणा देताना ही वही बगलेत असली तर समोरचा साहेब खुर्चीत नीट बसतो.

माझ्या मावशीला अंगावरून पांढरं जात होतं. एका डॉक्टरनं सोनोग्राफी केली, म्हणाला, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." तिशीही उलटली नव्हती तिची. उचलीतनं पैसे गेले. नंतर कंबर गेली, हाडं दुखायला लागली, पुढच्या हंगामाला निम्मी मोळी उचलेना. आणि तरी ती म्हणते, "बरं झालं बाबा, कॅन्सरपासनं वाचले." बघा, हा पावसाचा देवच आहे. पिशवी गेली, कॅन्सर झाला नाही, डॉक्टर खरा.

पण इथं पळवाट बंद करता येते. काढायच्या आधी तोंडावरचा नमुना घेऊन तपासता येतो. काढल्यावर तर पिशवीच लॅबला पाठवतात, काचेखाली बघतात, आत काय होतं ते कागदावर लिहून येतं. डॉक्टरचं बोलणं खरं की खोटं, त्या कागदावर कळतं.

मावशीची फाइल मी बघितली. कॅरीबॅगमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलीय. सोनोग्राफीचा कागद आहे, औषधांची बिलं आहेत, सहीऐवजी अंगठा आहे. तो कागद नाही. उद्या सकाळी आपण वस्तीवर जाणार आहोत, तेव्हा प्रत्येक घरात आधी तो कागद मागा.