होर्डिंगचे पाय

सिग्नलला गाडी थांबली की तुमची नजर समोरच्या होर्डिंगवर जाते. सोन्याचे दागिने, नवे फ्लॅट, नाही तर कुणा दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी मात्र त्याचे पाय पाहतो. चाळीस वर्षे लोखंडी सांगाड्यांची गणिते केली. ती सवय सुटत नाही.

पूर्वी पेंटर पत्र्यावर हाताने जाहिरात रंगवीत. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत चित्र बदलू लागले आणि आकारही वाढत गेले. पण होर्डिंग म्हणजे जमिनीत रोवलेले शीडच. वारा भरला की होडी पुढे सरकते. होर्डिंगला सरकता येत नाही. सगळा जोर खाली पायावर येतो. ४० बाय ४० फुटांचा फलक म्हणजे १,६०० चौरस फूट. तोच १२० बाय १२० केला की १४,४०० होतात. वाऱ्याचा जोर नऊपट! त्यात उंचीही तिप्पट झाली, तर उलथवणारा जोर २७ पट होतो.

हे आकडे मनचे नाहीत. मुंबईत ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना घाटकोपरला छेडानगरजवळ १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग उभे होते. १३ मे २०२४ च्या वादळात ते पेट्रोल पंपावर कोसळले. १७ माणसे गेली. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुन्या बाजाराच्या चौकात तर सांगाडा उतरवण्याचे काम चालू होते. तो सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडला. चौघांचा जीव गेला.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझी गोष्ट सांगतो. परवान्यासाठी होर्डिंग मजबूत असल्याचे इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. वीसेक वर्षांपूर्वी ओळखीचे एक गृहस्थ नूतनीकरणाचे कागद घेऊन घरी आले. "साहेब, गेल्या वर्षीचंच आहे, फक्त सही करा." चहा झाला, सही झाली. मी त्या इमारतीच्या गच्चीवर चढलो नाही.

रात्री वळवाचा पाऊस आला. शेजारचे पत्रे वाजू लागले आणि माझी झोप उडाली. सकाळी उठून गेलो. खांबाच्या बुडाशी पाणी साचून गंज चढला होता. चार बोल्टांपैकी दोन हाताने फिरत होते. खाली शाळेच्या रिक्षा उभ्या. त्याच दिवशी लेखी कळवून सही मागे घेतली. ते गृहस्थ पुन्हा आमच्याकडे चहाला आले नाहीत.

प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की कोणीतरी स्वतः जाऊन पाहिले आहे. न पाहता केलेली सही म्हणजे आणखी एक सैल बोल्ट.

तेव्हा वारा सुटला की होर्डिंगच्या आडोशाला थांबू नका. गंजलेला, कललेला खांब दिसला तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाला कळवा. जाहिरात जरूर पाहा, ती त्यासाठीच लावलेली असते. फक्त सिग्नल सुटण्याआधी एकदा तिच्या पायांकडेही पाहून घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)