पाठ टेकली म्हणून काय झाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण आहार, बचत, मुलांचे संगोपन अशा उपयुक्त विषयांवरची व्याख्याने ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी भीतभीतच विचारले, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "तुम्ही ते मारामारीचे शिकायला जाता ना, त्यावरच बोला. सगळ्यांना उत्सुकता आहे." उत्सुकता आहे हे मला ठाऊक होतेच. जिन्यात गाठ पडली की "काय हो, आज कुणाला लोळवलेत?" असे काहीजणी हसत विचारतात. त्याचे खरे उत्तर असे, की बहुतेक दिवशी मीच लोळत असते. आज बोलायचे आहे तेही त्या लोळण्याविषयीच.

या विद्येचे नाव जुजुत्सू. जपानी भाषेत 'जू' म्हणजे मृदू, वाकणारे. आणि 'जुत्सू' म्हणजे कला. मी शिकते त्या प्रकारात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जोडीदाराला धरायचे, खाली आणायचे, आणि त्याचा सांधा किंवा मान अशी अडकवायची की त्याने हार मानावी. हार मानण्याची खूण म्हणजे हाताने दोनदा थाप मारणे. थाप पडली की समोरच्याने तत्क्षणी सोडायचे. सारा खेळ या एका थापेच्या विश्वासावर चालतो. तिच्याविषयी पुढे पुन्हा बोलायचे आहे.

माझे वजन ४८ किलो. वर्गात बायका थोड्या, त्यामुळे सराव बहुधा पुरुषांबरोबरच होतो. त्यांतले एक गृहस्थ ९२ किलोंचे आहेत. आपल्या घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो. असे तीन सिलिंडर छातीवर ठेवले आहेत आणि ते स्वस्थ न राहता हालचालही करीत आहेत अशी कल्पना करा, म्हणजे माझी संध्याकाळ कशी जाते ते ध्यानात येईल.

माझे माहेर सांगलीकडचे. जत्रेतल्या कुस्त्या पाहतच आम्ही वाढलो. आजोबांच्या खांद्यावर बसून शिकलेला पहिला नियम असा, की पाठ मातीला लागली म्हणजे चितपट, म्हणजे संपले. मग कितीही बळ अंगात असो, हलगी थांबते आणि दुसऱ्याला फेटा बांधतात. २०१७ साली वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी या वर्गात गेले तेव्हा शिक्षकांनी पहिली आज्ञा केली, ती "पाठीवर निजा" अशी. मला वाटले, हे काहीतरी उलटेच. ते म्हणाले, "लहान माणूस मोठ्यापुढे आज ना उद्या खाली जाणारच. तेव्हा खाली गेल्यावर काय करायचे, हे त्याने आधी शिकावे."

भगिनींनो, हे वाक्य ऐकून मला बरे वाटले. आपल्याला लहानपणापासून पडू नये हे शिकवतात. पडल्यावर काय करावे हे फारसे कुणी शिकवत नाही.

मग काय करायचे? ते तीन गोष्टींत सांगता येईल. पहिली गोष्ट, सपाट निजायचे नाही, कुशीवर व्हायचे. सपाट पाठीवर असलो की वरच्याचे सगळे वजन बरगड्यांवर येते आणि श्वास कोंडतो. कुशीवर झालो की त्याचा काही भार जमिनीवर जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे अडसर. नवखी बाई घाबरून दोन्ही हात सरळ करते आणि छातीला रेटते. मीही तेच केले. त्यात दोन तोटे होतात. दंड थकतात, आणि सरळ केलेला हात समोरच्याला अडकवायला आयता सापडतो. त्याऐवजी कोपर वाकवून हाताचे हाड त्याच्या मानेशी आणि दुसऱ्या हाताचे त्याच्या कंबरेशी लावायचे. जुन्या वाड्याच्या दाराला अडसर असे ना, तसे. अडसर दाराला ढकलत नाही, नुसता आडवा राहतो. स्नायू थकतात, हाडे त्या मानाने थकत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. समोरच्याला हलवायचे नाही, आपण हलायचे. लोखंडी कपाट एकटीने सरकत नसेल, तर शहाणी बाई कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून स्वतः निघते. तसे पाय रोवून कंबर मागे सरकवायची, वीतभर जागा झाली की तीत गुडघा घालायचा, मग दुसरा पाय, आणि समोरच्याला दोन्ही पायांच्या मध्ये घ्यायचे. पाठ अजून जमिनीलाच असते. पण आता त्याच्या आणि माझ्या मध्ये माझे पाय आहेत, आणि बाईचे पाय तिच्या हातांपेक्षा पुष्कळ बळकट असतात. चितपट झालेली बाई येथून लढायला लागते.

ही विद्या लहान चणीच्या माणसांनी वाढवली, हे तिच्या इतिहासात दिसते. जपानातले जिगोरो कानो अंगाने लहान होते, धटिंगण मुलांच्या त्रासाला कंटाळून ते जुजुत्सू शिकले, आणि १८८२ साली त्यांनी तोक्योत कोदोकान ही संस्था काढून त्या विद्येला ज्यूदोचे रूप दिले. त्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले. तेथे बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडून शिकले, आणि ग्रेसी कुटुंबाने खाली पडून लढण्याची बाजू विशेष वाढवली. कार्लोसचे धाकटे भाऊ एलिओ हे किरकोळ अंगाचे. १९५१ साली रिओ शहरात ते आपल्याहून पुष्कळ वजनदार अशा मासाहिको किमुरा या जपानी मल्लाशी लढले. किमुरांनी त्यांचा हात पिरगाळला, हाड मोडले, तरी एलिओंनी थाप मारली नाही; शेवटी भावाने टॉवेल टाकून लढत थांबवली. तो डाव आज 'किमुरा' याच नावाने ओळखला जातो. ही गोष्ट वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतात. मीही ती अभिमानानेच ऐकली. तो अभिमान मला किती महागात पडला ते सांगतेच.

पण त्याआधी बायकांचे नाव घेतले पाहिजे. इंग्लंडात एडिथ गॅरुड नावाची बाई होती. उंची ४ फूट ११ इंच. मताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या स्त्रियांना ती १९०९ च्या सुमारास जुजुत्सू शिकवू लागली. १९१३ मध्ये त्या चळवळीतल्या बायकांनी आपल्या पुढाऱ्यांना पोलिसांच्या हाती पडू न देण्यासाठी स्वतःचे संरक्षक पथक उभे केले, त्याला हिनेच तयार केले. त्या बायका कपड्यांत लपवून मुद्गल नेत. होय, आपल्या तालमीतलेच मुद्गल, इंग्लंडात जाऊन व्यायामाचे साधन झालेले. दुसरी बाई जपानची केइको फुकुदा. तीही ४ फूट ११ इंचांची. आजोबा कानोंचे गुरू, पण बाई म्हणून कोदोकानने तिला कित्येक वर्षे पाचव्या श्रेणीपुढे जाऊ दिले नाही. १९७२ साली ती अट सुटली आणि तिला सहावी श्रेणी मिळाली. २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्यूदो संघटनेने तिला दहावी, म्हणजे सर्वोच्च श्रेणी दिली. २०१३ साली ती वारली.

आता माझी गोष्ट. २०१९ चा पावसाळा होता. मी तेव्हा ज्या वर्गात जात असे, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे एक नवा मुलगा आला होता, शंभर किलोंच्या घरातला, नुकता शिकू लागलेला, दणकट आणि उतावीळ. आमची जोड लागली. जत्रेतला पंच वजन, वय, अनुभव पाहून जोड लावतो. त्या दिवशी आमची जोड कुणी पाहून लावली नव्हती. मुलाने माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि सगळा भार टाकला. मी कुशीवर होऊ शकले नाही. श्वास संपला. त्या क्षणी थाप मारायची, एवढेच काम होते. हात मोकळा होता.

पण भिंतीशी दोन मुली बसल्या होत्या. पहिल्यांदाच वर्ग पाहायला आलेल्या. माझ्या मनात आले, यांच्यादेखत लगेच हार मानली तर यांना काय वाटेल? बाईने सोसून दाखवावे, निभावून न्यावे. मी दात आवळून थांबले. काहीतरी काडकन वाजले. बरगडी तडकली होती. पुढे सहा आठवडे खोकला आला की डोळ्यांत पाणी येई.

घरी सर्वांनी "आता पुरे" म्हणून सांगितले. सासूबाई मात्र गप्प होत्या. मुलगा दोन दिवसांनी घरी भेटायला आला, पेढे घेऊन. कोचावर अंग चोरून बसला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही थाप का नाही मारलीत? मला वाटले तुम्हाला झेपते आहे." तो गेल्यावर सासूबाई प्रथमच बोलल्या. म्हणाल्या, "खरे आहे त्याचे. मीही जन्मभर कुणाला कळू दिले नाही."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. चूक त्या मुलाची होती, वर्गात लक्ष नसणाऱ्यांची होती, आणि काही माझीही होती. ज्या दोन मुलींसाठी मी सोसले, त्यांतली एक परत आलीच नाही. मी तिला काय दाखवले? एवढेच, की येथे बाईची बरगडी मोडते. दुसरी आली. तिने पुढे मला सांगितले, की तुम्ही थाप मारून हसत उठला असतात, तर ती मैत्रीणही आली असती.

बरगडी सांधल्यावर मी पुन्हा जाऊ लागले, पण दुसऱ्या वर्गात, आणि तीन नियम बांधून. एक, जोड पाहून लावायची. माझे वय, वजन, दुखापत मी आधी मोठ्याने सांगते. दोन, दुखण्यापूर्वी थाप मारायची, दुखल्यानंतर नव्हे. हात अडकला असेल तर तोंडाने "थांबा" म्हणायचे. तीन, जो थापेनंतर सोडायला उशीर करतो, त्याच्याशी पुन्हा खेळायचे नाही. असा एक गृहस्थ भेटला. हसत हसत एक क्षण जास्त धरून ठेवी. मी चारचौघांत त्याला सांगितले, "मी तुमच्याबरोबर सराव करणार नाही." माझा आवाज कापत होता. पण नंतर आणखी दोघींनी तेच सांगितले, आणि शिक्षकांनी त्याला समज दिली. बरगडी मोडली तेव्हा जेवढे धैर्य लागले नव्हते, तेवढे त्या एका वाक्याला लागले.

मघाचे ९२ किलोंचे गृहस्थ याच्या उलट. ते भार हळूहळू टाकतात, माझा श्वास ऐकतात, आणि फुकटची सूटही देत नाहीत. मागच्या महिन्यात मी त्यांच्या खालून सरकत सरकत एकदा पूर्ण निसटले. हरवले वगैरे काही नाही, नुसती निसटले. त्यांना आनंद झाला, म्हणाले, "आता पुन्हा करा." पुन्हा केले तर जमले नाही. विद्या अशीच येते, मुरंब्यासारखी, एका दिवसात नव्हे.

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युक्तीपुढे वजन शून्य, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तसे असते तर स्पर्धांत वजनाचे गट कशाला पाडले असते? समोरचाही युक्ती जाणत असेल, तर वजन जिंकते. आणि रस्त्यावर कुणी हात टाकला, तर तेथे मऊ गादी नाही, शिक्षक नाहीत, थापेला मान देणारा कुणी नाही. तेथे पहिला डाव ओरडण्याचा आणि दुसरा पळण्याचा. खाली पडल्यावर शिकलेले हे सरकणे उठून पळता यावे, एवढ्यासाठीच.

घराविषयीही कुणी मनात प्रश्न धरून बसली असेल. तिला मी एवढेच म्हणेन, की थाप ही दोघांच्या कराराची खूण आहे. जेथे "थांब" म्हटल्यावर समोरचा थांबत नाही, तेथे खेळ नाही आणि सोसणे हा गुणही नाही. तेथून उठून बाहेर यावे आणि दार वाजवावे. आपल्या मंडळातल्या पुष्कळ दारांना मी ओळखते, ती उघडतील.

चिटणीसबाईंनी येत्या शनिवारी दुपारी चार वाजता हे सभागृह मोकळे ठेवले आहे. यायचे असेल त्यांनी सलवार-कमीज घालून यावे, बांगड्या, मंगळसूत्र, चमकी घरी काढून ठेवावी, नखे कापावी. वयाची अट नाही. पाठीचे वा गुडघ्याचे दुखणे असेल त्यांनी आधी सांगावे. दोनच गोष्टी करू. खालून कुशीवर कसे व्हायचे, आणि थाप कशी मारायची. दुसरी गोष्ट सोपी वाटेल. पण मला ती शिकायला दोन वर्षे आणि एक बरगडी लागली.

माझ्या सासूबाईंनी आपले नाव पहिले नोंदवले आहे. त्या खुर्चीवर बसून थाप मारणार आहेत.