प्लॅस्टिकमधून वीज, प्लॅस्टिकमधून ऊब

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर मटारच्या दाण्याएवढी करडी पेस्ट लावतो, ती पाहिलीय? सिलिकॉनमध्ये धातूच्या ऑक्साइडची पूड, उष्णता वाहून नेण्यासाठी. नुसतं प्लॅस्टिक तांब्यापेक्षा हजारपटींहून कमी उष्णता वाहतं. म्हणून तर कुकरच्या मुठीचा चटका बसत नाही.

प्लॅस्टिकमध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या नीट पसरल्या, की वीज वाहायला शंभरात एखादा भागही पुरतो. नळीला नळी भिडली, की वीज धावते. उष्णता मात्र प्रत्येक सांध्यावर अडते. लालबागच्या गर्दीत हातोहात सरकणारा पाण्याचा पेला हिंदकळत रिकामा व्हावा, तशी. म्हणून नळ्यांवर रासायनिक संस्कार करून प्लॅस्टिकशी त्यांची पकड वाढवतात. तोही बेतानं, कारण जास्त झाला तर वीजवहनच घटतं.

हे शिकायचंय? माटुंग्याच्या, 1933 पासूनच्या, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थांचा, विभाग आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, दादरहून एकच स्टेशन!