पडद्यावरील कुटुंब आणि वर्गातील मूल

(बंगळूर येथील भाषणाचा गोषवारा)



कन्नड चित्रपटसृष्टीचे केंद्र असलेल्या या शहराला ‘नानु अवनल्ल, अवळु’ हा 2015 सालचा चित्रपट परिचित आहे. लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या आत्मचरित्रावर आधारलेल्या या चित्रपटातील भूमिकेबद्दल संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. टवाळीचा विषय ठरविलेल्या माणसाची व्यथा त्यात गांभीर्याने मांडली गेली, हे निःसंशय स्वागतार्ह होय.

परंतु अशी माणसे पडद्यावर दुःख भोगतानाच दिसतात. मुलाचा डबा भरताना, पालकसभेला जाताना ती कितीदा दिसतात? मुंबईच्या गौरी सावंत आणि त्यांनी सांभाळलेली मुलगी यांचे मायलेकीचे नाते 2017 साली घराघरांत पोहोचले, तेही एका औषधाच्या जाहिरातीतून!

कनक शशी यांच्या चित्रपुस्तकातील गुठलीला सारे मुलगा म्हणतात. अखेर आईच तिला फ्रॉक देते. असे बालसाहित्य विरळाच. उलट, तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी एन.सी.ई.आर.टी.ने शिक्षकांकरिता केलेली पुस्तिका 2021 साली संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये अशा सहजीवनालाही कुटुंब म्हटले. मात्र 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी जोडप्यांचा संयुक्त दत्तकाचा हक्क 3 विरुद्ध 2 मतांनी नाकारला. कायद्याने नाकारलेले घर गोष्टीतही नसेल, तर त्या घरातील मुलाने ‘माझे कुटुंब’ हा निबंध कसा लिहावा?

शाळा, वाचनालये व पालकसभांत काम करणाऱ्या प्रत्येक साथीने या प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे.