कपलिंग पाण्यात जुळवा

मे महिना संपत आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वाळूवर येतील, झावळ्यांखाली जातील, आणि दरवर्षीप्रमाणे काही जण ठरवतील, की वडिलांच्या वेळची शिडाची होडी अजून धड आहे, यंदा तिच्यात डिझेल इंजिन बसवूया. जरूर बसवा. फक्त एक ऐका. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट यांची जोडणी, म्हणजे कपलिंग, होडी पाण्यात गेल्यावर जुळवा. वाळूवर जुळलेली जोडणी पाण्यात जुळलेली राहत नाही.

मी कसालचा. समुद्र आमच्यापासून तीसेक किलोमीटर लांब, पण महामार्गावरून मालवणचा रस्ता आमच्याकडे फुटतो. त्यामुळे घाटावरून आलेली इंजिनं टेम्पोतून पुढे बंदरावर जायची आणि बिघडली की त्याच रस्त्याने परत यायची. माझं आयुष्य त्यांच्यातच गेलं. बिघडून आलेल्या इंजिनांत खरोखर इंजिनाचा दोष असलेली फार थोडी पाहिली. इंजिन चांगलं, बसवणं वाईट, असंच बहुतेक वेळा निघालं.

डिझेलच का, हे तुम्हाला सांगायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. डिझेल तसं सहजासहजी पेटत नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात ठिणगीच नव्हती. हवा इतकी दाबायची, की ती तापून तेल आपोआप पेटेल. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने कर्ज आणि अनुदान देऊन शिडाच्या होड्यांवर इंजिनं चढवायला सुरुवात केली. तेव्हापासून एक अडचण आहे तशीच आहे. होडी बांधणाऱ्या सुताराने ती शिडासाठी बांधलेली असते. शीड होडीला वरून, डोलकाठीकडून ओढतं. इंजिन तिला खालून, मागून ढकलतं. ज्या लाकडाने आयुष्यभर ओढ सोसली, त्याला आपण एका दिवसात धक्का सोसायला लावतो. म्हणून इंजिनाखालच्या तुळया आखूड नकोत. चांगल्या चार-सहा वांकांवरून, म्हणजे होडीच्या फासळ्यांवरून, जातील इतक्या लांब घ्या, म्हणजे धक्का साऱ्या अंगावर वाटला जाईल.

अश्वशक्तीचा हव्यास नको. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेली अशी होडी साधारण पावणेसात नॉटच्या पुढे जात नाही, तिचं अंगच जाऊ देत नाही. तिथे दुप्पट इंजिन टाकलंत, तर मागचा भाग पाण्यात बसेल आणि डिझेल जळेल. दहा-पंधरा अश्वशक्ती पुष्कळ झाली.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या घरी पडवीत जातं होतं. आई दळायला बसायच्या आधी वरची तळी रिकामी फिरवायची आणि कान देऊन ऐकायची. एका बाजूला घासल्याचा आवाज आला, की तळी उचलून मधल्या खिळीभोवतीची चिंधी बदलायची, पुन्हा फिरवायची. दोन्ही तळ्यांमधली फट सगळीकडून सारखी झाल्याशिवाय दाणा टाकायची नाही. एकदा पावसात पडवी गळायला लागली म्हणून आम्ही जातं उचलून माजघरात नेलं. जातं तेच, खीळ तीच, चिंधीही तीच. तरी पीठ जाडंभरडं पडायला लागलं. आई म्हणाली, जागा बदलली, आता जातं परत मांडायला हवं.

कपलिंगच्या दोन चकत्या म्हणजे जात्याच्या दोन तळ्याच, फक्त उभ्या केलेल्या. एक इंजिनाच्या गिअरची, दुसरी शाफ्टची. त्यांच्यातली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी हवी. चार इंची कपलिंगला या चार जागांमध्ये फरक चालतो तो जास्तीत जास्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढा. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्याला फिलर गेजच लागतो. फट खाली जास्त असेल, तर इंजिनाचे पुढचे पाय उंच झालेत, ते उतरवा. वर जास्त असेल, तर पुढचे पाय चढवा. आधी वरखाली जुळवा, मग डावं-उजवं. मग शाफ्टची चकती अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. फट चकतीबरोबर फिरली, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा चकती तिरकी बसली आहे, मग इंजिन कितीही हलवलंत तरी उपयोग नाही. फट जागच्या जागी राहिली, तर इंजिन हलवायचं.

एवढं सगळं वाळूवर केलंत तरी ते अर्धंच काम आहे. होडी पाण्यात ढकलली, की जातं पडवीतून माजघरात गेलं! वाळूवर तिचा भार पठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यावर, आणि दोन-चार टेकूंवर असतो. पाण्यात तो साऱ्या अंगावर येतो. त्यात जुनं लाकूड उन्हात आकसलेलं, ते पाणी पिऊन फुगतं. होडीच्या अंगात इतका फरक पडल्यावर कागदाएवढी फट जागेवर राहील कशी? दोन दिवस तिला पाण्यात राहू द्या. डिझेलची टाकी भरा, जाळी नेहमीच्या जागी ठेवा, आणि मग फिलर हातात घ्या. पंचवीस-तीस तास इंजिन चाललं, की आणखी एकदा बघा, कारण रबरी माउंटिंग वजनाने दबतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका खाडीच्या तोंडावर मी असंच इंजिन बसवलं. वाळूवर सगळं चोख जुळवलं, मजुरी घेतली, घरी आलो. चौथ्या दिवशी होडीचे तांडेल दारात उभे. म्हणाले, ‘मेस्त्रीनू, होडी रडता हा.’ जाऊन बघतो तर शाफ्ट जिथून होडीबाहेर जातो तिथला ग्लँड तापून आतली दोरी जळून काळी झालेली. शाफ्ट वाकड्या ओढीने फिरत होता आणि दोरी एका बाजूने खात होता. ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडणं चांगलं, त्याने शाफ्ट थंड राहतो. तिथे धार लागली होती. रात्रभर नांगरावर उभी असलेली होडी सकाळी निम्मी भरली होती. चूक माझी होती. बोल्ट सोडून फट मोजली, तर खालच्या बाजूला झेरॉक्सचे पाच कागद गेले असते. अर्ध्या तासाचं काम मी केलं नव्हतं, आणि त्या घरातली माणसं त्या होडीवर जेवत होती.

म्हणून मिस्त्रीला सांगा, मजुरीचा शेवटचा हप्ता होडी पाण्यात तपासून झाल्यावर. चांगला मिस्त्री रागावणार नाही.

शेतीपंपाचं इंजिन स्वस्त मिळतं म्हणून होडीत घालणाऱ्यांनाही काही सांगायचं होतं. खारं पाणी आतून फिरवलं तर त्याचं काय होतं, गिअर नसला तर... ते राहू द्या, वेळ थोडा उरलाय. धुराच्या नळीचं मात्र सांगतो. ती पाण्याच्या रेषेच्या वर चांगली चढवून मग बाहेर काढा, नाहीतर मागून आलेली लाट नळीतून थेट इंजिनात शिरते.

आणि ज्यांच्या होडीत इंजिन आधीपासून आहे, त्यांच्यासाठी. या आठवड्यात होडी वर ओढाल, तेव्हा ओढण्याआधी, ती पाण्यात असतानाच, कपलिंगचे बोल्ट सोडा. बोल्ट घट्ट ठेवून ओढलीत, तर वाळूवर तिचं अंग वाकताना शाफ्ट आणि गिअरही ओढले जातील, आणि दोन महिने तसेच ताणलेले राहतील. दोन्ही चकत्यांवर खुणेचा एक घाव घाला, म्हणजे त्या परत तशाच जुळतील. बोल्ट तेलाच्या डब्यात ठेवा आणि डबा घरात न्या. होडीत ठेवू नका, पावसाळ्यात सापडत नाहीत. नारळी पौर्णिमेचा नारळ सोडून झाला, होडी पाण्यात दोन दिवस राहिली, की तो डबा उघडा.