पोरीला डोंगरावर पाठवायचं का?



आमच्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा एका कागदावरच जास्त वेळ गेला. शाळेकडून डोंगर चढण्याच्या शिबिराचं संमतीपत्र आलं होतं. दोराने कडा उतरायचा, रात्री तंबूत राहायचं. मुलगी नववीत. तिची आई म्हणाली, "पाय मोडला तर उद्या हिला कोण करून नेईल?" आम्ही सगळ्या गप्प बसलो, कारण आमच्याही मनात तेच होतं.

मग आम्हाला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली मुलं आठवली. २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'मधून तिथल्या आश्रमशाळांचे दहा आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टला गेले. पाच जण शिखरावर पोचले, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्याआधी २०१४ मध्ये निजामाबाद जिल्ह्यातली पूर्णा मालावत तिथं पोचली. आईवडील शेतमजूर, आणि तिला तेव्हा चौदा वर्षंही पूर्ण नव्हती. पण पूर्णा काही थेट एव्हरेस्टला गेली नाही. आधी भोंगीरचा खडक, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी.

याला कारण आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, एव्हरेस्ट ८,८४८ मीटर. तिथं एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या मानाने तिसरा हिस्साच प्राणवायू मिळतो. म्हणून थोडं थोडं चढत शरीराला सवय लावतात. डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, चालताना तोल गेला, तर लगेच खाली उतरायचं. आपल्यातल्या ज्या केदारनाथला जाऊन आल्या त्यांना दोन पावलांवर धाप लागायची. ते ठिकाणही ३,५०० मीटरच्या वर आहे. ती काही देवाची परीक्षा नव्हती. चंद्रपूरचे बाकीचे पाच जण शिखर न गाठता परतले. आम्हाला त्यांचंही कौतुक वाटतं.

आपल्या मुलीचं शिबिर एवढं उंच नाही. तिथं प्रश्न दोराचा आणि माणसांचा. म्हणून 'नाही' लिहिण्याआधी आम्ही त्याच कागदाच्या मागे विचारलं: शिकवणारे कुठं शिकलेत? हेल्मेट आणि कमरेचा पट्टा मुलींच्या मापाचा आहे का? उतरताना दुसरा, जीव राखणारा दोर असतो का? सोबत बाई शिक्षिका आहेत का, मुलींचा तंबू वेगळा आहे का, पाळी आली तर सोय काय? दवाखाना किती लांब, आणि गाडी रात्रभर उभी राहणार का? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे खेळ घेणाऱ्या संस्थेला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांकही मागितला. विचारायला लाजायचं कशाला? बकरी घेताना आपण दात मोजतो.

दोनच उत्तरं आली आहेत. सोमवारी ती आई मुख्याध्यापकांकडे जाणार आहे, आम्ही दोघी सोबत आहोत. सही अजून केलेली नाही. मुलीनं मात्र मोठ्या भावाचे बूट धुऊन उन्हात ठेवलेत.