फाट्यावरचं गिऱ्हाईक, रतिबाचं घर



पळस्प्याच्या फाट्यावर मुंबईचा रस्ता दुभंगतो. एक वाट पुण्याकडे जाते, दुसरी पेण, महाड करत गोव्याला. इथल्या हॉटेलांत वडा खाऊन गेलेला माणूस पुन्हा येईलच असं नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. मागची गाडी उभीच असते. दूधवाल्याचं गणित वेगळं. रतिबाची घरं मोजकी. त्यातलं एक तुटलं की त्याला त्याच सकाळी कळतं, बहुधा कारणासकट.

मराठी मासिकं रतिबावर, म्हणजे वर्गणीदारांवर, वाढली. अलीकडे त्यांचे हिशेब मात्र फाट्यावरचे झाले आहेत: किती जणांनी पाहिलं, किती सेकंद थांबले.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांना हे आकडे ऐकवले असते तर ते बहुधा चिडले असते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव फिरले. विकायचं होतं ते अजून तयारच व्हायचं होतं! लोकांनी पैसे दिले ते एका शब्दावर, आणि त्या शब्दाचे पुढे 23 खंड झाले. कोशाच्या उभारणीचा इतिहासही त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून लिहून काढला. तो आजच्या प्रत्येक व्यवस्थापकाच्या टेबलावर असावा. विद्वत्तेसाठी नव्हे, वणवण काय असते ते कळण्यासाठी.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली. तिने स्वतःला वाचक चळवळ म्हणवलं, ही साधी गोष्ट नव्हे. सभासद आगाऊ पैसे भरी आणि पुस्तकं सवलतीत घेई, पण त्याला गिऱ्हाईक कोणी म्हणत नसे. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978मध्ये आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980मध्ये, दोन्ही ग्रंथालीची. दुकानात उभं राहून यातलं एखादं पुस्तक किती मध्यमवर्गीय हातांनी उचललं असतं? सभासदत्वाचं खरं मोल इथे आहे. स्वतः निवडलं नसतं ते पुस्तक घरात येतं. सवलत कोणीही देतं.

वसुलीची तऱ्हा मात्र बदलत आली. पूर्वी अंक व्ही.पी.ने जाई, पोस्टमन दारात, पैसे द्या आणि पुडकं घ्या. नको म्हटलं की पुडकं परत आणि टपालखर्च मासिकाच्या डोक्यावर. आता खात्यातून पैसे आपोआप वळते होतात, इतके आपोआप की वर्गणीदाराला आपण वर्गणीदार असल्याचाच विसर पडतो. या विसरण्यावर काही धंदे मजेत चालले. ऑक्टोबर 2021पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. ‘लोक गळतात’ अशी कुरकुर झाली. कळवल्याबरोबर जो गळतो, तो वर्गणीदार होताच कधी?

गावातल्या वाचनालयात सभासदत्व सोडताना अनामत परत मिळते. आत येताना भरलेली रक्कम बाहेर पडताना हातात ठेवणारी ही जुनी रीत वर्गणीच्या नव्या योजना आखणाऱ्यांनी जरूर पाहावी.

दुपारच्या सत्रात नव्या योजनांचे आराखडे मांडले जाणार आहेत. त्याआधी तासभर काढून प्रत्येकाने गेल्या वर्षी सोडून गेलेल्या वर्गणीदारांची यादी समोर घ्यावी, आणि त्यांतल्या दहा जणांना इथूनच फोन लावावा.